मातीवर छान खेळणारी मुलगी मॅटवर का अडखळते?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सोळा वर्षांची आहे, गावच्या मैदानात तिच्या चढाईला तोड नाही, पण निवड चाचणीत मॅटवर दोनदा पडली आणि आता तिचं तंत्रच कच्चं असल्याचं तिला ऐकवलं जातंय. मला हे अजिबात पटत नाही. मी बारा वर्षं मातीवर कबड्डी खेळलो, आता मुलींना शिकवतो. हे दर मोसमात बघतो.

मातीवर अनवाणी पाय थांबता थांबता वीतभर घसरतो. तिच्या अंगाने ते घसरणं हिशेबात धरलंय. रक्षकाला हाताने टिपलं, पाय सरकतोय तेवढ्यात कंबर फिरली की ती मध्यरेषेकडे निघाली! मॅटवर बुटाचा तळ जागीच धरतो. पाय थांबतो, धड पुढे जातं, तोल जातो.

१९२०च्या दशकात मॉस्कोत हालचालींचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसलेल्या कामगारांच्या हालचाली कॅमेऱ्यात टिपल्या. हातोडा दर वेळी नेमका बसायचा, पण खांदा, कोपर, मनगट दर घावाला थोडे वेगळे वळायचे. सरावाने त्यांना हातोडा नेमका बसवता येत होता, एकच एक हालचाल त्यांनी घोटलेली नव्हती. तुमच्या मुलीलाही मॅटवर तिचं वळण नव्याने शोधू द्या. ‘पाय असा टाक’ म्हणून मागे लागू नका.

१९७८चा एक प्रयोग मला फार आवडतो. लहान मुलांच्या एका गटाने छोटी पिशवी फेकायचा सराव ३ फुटांवरूनच केला, दुसऱ्याने २ आणि ४ फुटांवरून. परीक्षा ३ फुटांवर झाली, तरी दुसरा गट सरस ठरला. म्हणून आम्ही सराव सतत बदलतो. कधी समोर सात रक्षक, कधी पाच, कधी तीन. सहापेक्षा कमी झाले की बोनस, म्हणजे बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण, मिळत नाही, मग चढाईचा विचारच बदलतो. साखळी, म्हणजे हातात हात धरलेले रक्षक, कुठल्या बाजूने येणार हे चढाई करणारीला सांगत नाही. कधी माती ओली, कधी कोरडी.

आमच्याकडची एक मुलगी पहिले चार दिवस मॅटवर सारखी पडायची. सहाव्या दिवशी पाहिलं, तर शेवटचं पाऊल तिने आखूड केलं होतं आणि टाच उचलून चवड्यावर वळत होती. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

चाचणीला महिना असेल तर आधी तीन-चार दिवस बूट घालून मातीवरच खेळवा, मग मॅटवर आधी एकाच रक्षकासमोर. पकड नको, नुसती वळणं. घोटा दुखला तर त्या दिवशी थांबवा. पहिले पंधरा दिवस तिचे गुण कमी होतील, तेव्हा तिच्यावर चिडू नका.