कामाची पँट गुडघ्यावर फाटली आहे, घरी हाताने कशी शिवावी?

आधी बघा, कापड फाटलंय की नुसती शिवण उसवलीय. उसवली असेल तर दुहेरी दोऱ्याने उलटटाका (सुई दर वेळी थोडी मागे घालून पुढे काढायची) घाला, दहा मिनिटांचं काम.

गुडघ्यावर कापडच फाटलं असेल तर रफूच्या नादी लागू नका, सरळ ठिगळ लावा. जुन्या जीन्सचा तुकडा घ्या, भोकापेक्षा चारी बाजूंनी इंचभर मोठा. कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा आधी सुटतो. नवं सुती कापड वापरणार असाल तर आधी धुऊन घ्या, नाहीतर नंतर आटून चुण्या पडतात. तुकडा आतून ठेवून कच्चा टाका घाला, कडेने पक्कं शिवा, मग भोकाच्या दशा आत दुमडून बारीक टाक्यांनी ठिगळावर बसवा. शिवताना पँटच्या पायात स्टीलचा डबा सरकवा, म्हणजे पुढचा भाग मागच्याला शिवला जात नाही. (मी एकदा शिवलाय!)

आपल्या सोलापुरात घरोघरी जुन्या चादरीचे तुकडे पडलेले असतात, पण ते ठिगळाला नकोत. जाड असतात, गुडघा वाकत नाही. आणि पॉवरलूमवर कामाला असाल तर दोऱ्याचं एकही टोक लोंबतं ठेवू नका, फिरत्या पट्ट्यात अडकतं.