रिपोर्ट निगेटिव्ह, पण गादीवर 'तांदूळ' सापडतातच!

प्रश्न: डॉक्टर, आमची कुत्री ४ वर्षांची आहे. महिनाभर तिच्या गादीवर तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं काहीतरी पडलेलं दिसतंय, परवा तर शेपटीखालच्या केसात चिकटलेला एक दाणा चक्क वळवळताना बघितला. शी दोनदा तपासून आणली, दोन्ही वेळा काही निघालं नाही. जंताचं औषध दिलं तरी परत तेच. खाते-पिते मस्त, वजनही कमी झालेलं नाही. आता रिपोर्ट खरा मानायचा की डोळ्यांनी दिसतंय ते?

उत्तर: डोळ्यांनी दिसतंय तेच. तुम्ही बघितलात तो बहुतेक पट्टकृमीचा म्हणजे टेपवर्मचा सुटलेला तुकडा, आणि कुत्र्यात सगळ्यात जास्त सापडतो तो पिसवांमुळे होणारा डिपिलिडियम. ओला असताना आखडतो-लांबतो, वाळला की तिळासारखा पिवळट कडक होतो, म्हणून गादीच्या शिवणीत पण बघा.

आता लॅबची चूक आहे का, तर खरंच नाही. शी दाट मिठाच्या किंवा साखरेच्या पाण्यात घोळवतात, हलकी अंडी वर तरंगतात, ती मायक्रोस्कोपखाली बघतात, गोलकृमींसाठी हे झकास. पण या टेपवर्मची अंडी त्या तुकड्याच्या आतच गठ्ठ्याने बसलेली असतात आणि तुकडे पण रोज पडत नाहीत, कधी पडतात कधी नाही, त्यामुळे लॅबला दिलेल्या चमचाभर शीत तुकडा आलाच नाही तर रिपोर्ट निगेटिव्हच येणार. म्हणून पुढच्या वेळी शी नको, तो दाणाच थोड्या पाण्यासकट डबीत घालून आणा. (एकदा एकजण डबीत खरेच तांदूळ घेऊन आले होते, तेही चालतं, निदान शंका तरी मिटते!) आम्ही तो दोन काचांमध्ये दाबतो, आतून द्राक्षाच्या घडासारखे अंड्यांचे गठ्ठे बाहेर आले की विषय संपला. फक्त एक, बाहेर तासन्‌तास पडलेल्या शीत पांढरं काही वळवळत असेल तर त्या माश्यांच्या अळ्या असू शकतात, ताज्या शीवरचंच उचला.

जमिनीवर ढुंगण घासते म्हणजे टेपवर्मच असं लोक ठरवूनच येतात, पण बऱ्याचदा ती गुदग्रंथी भरल्याची तक्रार निघते.

औषध देऊनही परत का, याची दोन कारणं. एक तर गोळी वेगळी, पायरँटेलने टेपवर्म जात नाही आणि फेनबेंडाझोल पण या जातीवर चालत नाही, प्राझिक्वांटेल लागतं, त्यामुळे घरी असलेल्या पाकिटावरचं नाव वाचून मला कळवा, डोस वजनावर ठरेल. दुसरं म्हणजे पिसवा. अंगाला खाज सुटली की कुत्री चावते, पिसू पोटात जाते, आणि साधारण ३ आठवड्यांत नवे तुकडे पडायला लागतात. बारीक दातांच्या फणीने कंबरेपाशी विंचरा, निघालेली काळी पूड ओल्या पांढऱ्या कागदावर झटका, भोवती लालसर डाग पसरला तर ती पिसवांची घाण, म्हणजे पचलेलं रक्त. पिसू एकही दिसली नाही तरी हा डाग पुरतो. मग कुत्री, गादी, घर सगळ्यांचा एकदम बंदोबस्त करायचा, नुसती गोळी देत बसलात तर महिन्याने परत इथेच पत्र लिहाल.

प्रश्न: लहान मुलगा तिच्यासोबत झोपतो, त्याला होईल का?

उत्तर: पिसू चुकून गिळली तर होऊ शकतो, तुकड्याला हात लागला म्हणून नाही, आणि बरा होतो. मात्र कुत्री कच्चं मांस, आतडी-काळीज वगैरे खात असेल तर हे आधी सांगा. त्यातून इकायनोकोकस हा वेगळा टेपवर्म होऊ शकतो, तो जेमतेम काही मिलिमीटरचा, गादीवर काहीच दिसत नाही, त्याची अंडी मायक्रोस्कोपखाली टिनिया या दुसऱ्या टेपवर्मसारखीच दिसतात आणि माणसाच्या पोटात गेली तर लिव्हर-फुफ्फुसात गाठी होतात. त्यासाठी शीची वेगळी टेस्ट, अँटिजेन किंवा पीसीआर करावी लागते, आणि ती होईपर्यंत शी उचलताना हातमोजे घाला.