टाईल: फरशी, कौल की पाटी?

प्रश्न असा आहे: ऑफिसातल्या लोकांसाठी पॉवर बीआयची (आकड्यांचे आलेख आणि अहवाल बनवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) मराठी माहितीपुस्तिका तयार होते आहे. तिच्यात 'टाईल'साठी, म्हणजे पडद्यावरच्या आलेखाच्या किंवा आकड्याच्या चौकोनासाठी, 'फरशी' लिहिलं तर वाचणारे हसले. मग 'कौल', 'लादी', 'चौकट', 'पाटी' असे पर्याय निघाले. यातला कोणता घ्यावा, 'पिन करणे' (अहवालातला आलेख उचलून डॅशबोर्डवर लावणे) आणि 'डॅशबोर्ड' (अशा टाइलींचं पान) यांना काय म्हणावं, आणि लिहायचं 'टाइल' की 'टाईल'?

हसणारे बरोबर होते. फरशी पायाखाली असते आणि एकदा बसवली की उखडल्याशिवाय हलत नाही. पॉवर बीआयची टाईल मात्र माउसने ओढून कुठेही नेता येते, उजवीकडचा खालचा कोपरा धरून लहानमोठी करता येते (१×१ पासून ५×५ एककांपर्यंत), आणि मुख्य म्हणजे तिच्यावरचा आकडा बदलत राहतो. मुंबईच्या 'लादी'ची तीच अडचण, शिवाय लादी म्हटलं की अर्ध्या वाचकांना पाव आठवणार.

'कौल' सुचवणाऱ्याचं कौतुक करायला हवं, कारण व्युत्पत्ती त्याच्या बाजूने आहे. इंग्रजी शब्द लॅटिन 'तेगुला'वरून आला, आणि तो 'झाकणे' या अर्थाच्या क्रियापदावरून. म्हणजे टाईल आधी छपरावरच होती, जमिनीवर नंतर उतरली. पण मराठीत दुसराही एक कौल आहे, अरबीतून आलेला: देवाला लावतात तो, मतदार देतात तो. 'सातारा विक्रीचा कौल' असं पडद्यावर दिसलं तर मंगळुरी कौल कुणालाच आठवणार नाही, निकाल लागला असंच वाटेल. 'चौकट' त्या मानाने बरा, पण तो आधीच दमलेला शब्द आहे. पत्त्यांतला रंग, दाराची चौकट, सॉफ्टवेअरमध्ये संवादचौकट, मजकूरचौकट. पुस्तिकेत 'चौकटीवर क्लिक करा' लिहिलं की कुठल्या, हा प्रश्न येणारच.

उरली 'पाटी'. हा शब्द मनापासून आवडण्यासारखा आहे: पाटीवर लिहितात, पुसतात, पुन्हा लिहितात. टाइलीवरच्या आकड्याचं वागणं अगदी असंच. पण पाटी कुणीतरी मुद्दाम रंगवून लावलेली असते. टाईल मात्र दुसरीकडच्या आलेखावरून उचललेली असते, आणि तिच्यावर क्लिक केलं की ती तुम्हाला त्या मूळ अहवालात घेऊन जाते. हा दुवा 'पाटी'त येत नाही.

म्हणून सल्ला असा की नाम 'टाईल'च ठेवा. २०१० मध्ये विंडोज फोन ७ आला तेव्हापासून पडद्यावरची टाईल ओळखीची झाली आहे. (विंडोज ११ मधून २०२१ मध्ये त्या जिवंत टाइली गेल्या, शब्द मागे राहिला.) मराठीची मेहनत क्रियापदावर खर्च करा. पुस्तिका वाचणारा 'टाईल'वर अडत नाही, टाइलीला काय केलं की काय होतं यावर अडतो.

ते क्रियापद आपल्याकडे तयार आहे: टाचणे. अहवालातल्या आलेखावर माउस नेला की जे चिन्ह दिसतं ती चक्क टाचणी असते, आणि टाचणीने करतात ते टाचणे. 'डकवणे' नको. डकवतात खळीने किंवा डिंकाने, आणि संगणकावर तो शब्द पेस्टसाठी लागतो. 'चिकटवणे'चंही तेच. 'आलेख डॅशबोर्डवर टाचा' हे वाक्य कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. मात्र पडद्यावरचं बटण इंग्रजीत असेल तर त्याचं नाव आहे तसंच देवनागरीत द्या: "टाचणीच्या चिन्हावर क्लिक करा. 'पिन टू डॅशबोर्ड' ही खिडकी उघडेल. आधीचा डॅशबोर्ड निवडा किंवा नव्याला नाव द्या, मग 'पिन' दाबा." बटणांची नावं भाषांतरित केली की वाचक ती पडद्यावर शोधत बसतो.

खरा घोळ पुढे आहे, आणि तो शब्दामुळेच होतो. टाचलं म्हणजे नेमकं काय टाचलं? समजा, अहवालात जिल्ह्याचा स्लायसर (जिल्हा निवडून आकडे गाळण्याची यादी) आहे आणि टाचताना तो 'सातारा'वर होता. तयार झालेली टाईल सातारचीच राहते. नंतर अहवालात कुणी कोल्हापूर निवडो की सगळे जिल्हे, टाइलीवर सातारचाच आकडा येत राहणार. आकडे ताजे होत असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही, आणि महिनाभर सातारची विक्री राज्याची म्हणून वाचली जाते. आलेखाचा प्रकारही तसाच गोठतो: अहवालात रेषेचा आलेख बदलून स्तंभांचा केला तरी टाइलीवर रेषाच दिसते. आकडे जिवंत आणि निवड गोठलेली, असा हा प्रकार आहे. पुस्तिकेत 'प्रत' लिहिलंत तर वाचक समजेल आकडेही गोठले. 'दुवा' लिहिलंत तर समजेल निवडही बदलेल. दोन्ही चूक. इथे एका शब्दाच्या मागे लागू नका, सरळ वाक्य लिहा: "टाचताना जी निवड होती ती कायम राहते, आकडे मात्र नवे येतात."

त्यावरचा उपायही त्याच पानावर हवा. टाचण्याआधी स्लायसर मोकळे करा. जिल्ह्याची टाईल मुद्दामच हवी असेल तर टाइलीच्या तीन टिंबांतून 'एडिट डिटेल्स' उघडून शीर्षकात 'विक्री – सातारा' असं लिहा. उपशीर्षक आणि शेवटच्या रिफ्रेशची वेळही तिथेच देता येते, आणि वेळ दाखवाच. स्लायसर डॅशबोर्डवरही चालायला हवा असेल तर एकटा आलेख न टाचता अख्खं पान टाचायचं, म्हणजे 'पिन लाइव्ह'. मग स्लायसर त्या टाइलीच्या आत काम करतो आणि अहवालातले बदलही टाइलीवर येतात. बाजूच्या टाइलींवर त्याचा परिणाम होत नाही. 'सगळा डॅशबोर्ड एका क्लिकने गाळता येत नाही' ही तक्रार इथूनच येते. ते काम अहवालाचं आहे.

'ताजे' या शब्दालाही जपा. आकडे मॉडेलमध्ये (अहवालामागच्या माहितीच्या साठ्यात) आयात केलेले असतील तर मॉडेल रिफ्रेश होईल तेव्हाच टाईल बदलते. डायरेक्टक्वेरी असेल, म्हणजे आकडे आयात न करता मूळ डेटाबेसलाच विचारले जात असतील, तर टाइली ठरल्या वेळी ताज्या होतात. ती वेळ आपसूक दर तासाची असते आणि दर १५ मिनिटांपासून आठवड्यापर्यंत बदलता येते. तेव्हा सरसकट 'तात्काळ' लिहू नका. 'अलर्ट'ला 'इशारा' चांगला आहे, पण तो फक्त कार्ड (एकच आकडा), केपीआय (लक्ष्याशी तुलना) आणि गेज (तबकडी) यांच्या टाइलींवर लावता येतो आणि लावणाऱ्यालाच दिसतो. स्तंभालेखाच्या टाइलीवर तो पर्याय शोधून दमू नये म्हणून तेवढी ओळ घाला.

डॅशबोर्ड या शब्दाचं मूळ गमतीचं आहे. घोडागाडीच्या पुढे लावलेली ती फळी, घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल हाकणाऱ्यावर येऊ नये म्हणून. आपल्या भाषेत चिखलफळी. तिथून तो मोटारीत गेला, काट्यांचा झाला, आणि मग संगणकात आला. 'नियंत्रणफलक' म्हणू नका, कारण पॉवर बीआयच्या डॅशबोर्डवरून कशाचंच नियंत्रण होत नाही, फक्त दिसतं. 'फलक' पुरेसा आहे, 'डॅशबोर्ड'ही चालेल. जपायचा तो भेद वेगळाच आहे: अहवालाला अनेक पानं असतात आणि तो एका मॉडेलवर उभा असतो. डॅशबोर्ड एकपानी असतो, त्यात वेगवेगळ्या मॉडेलांच्या टाइली शेजारी बसतात, आणि तो पॉवर बीआयच्या ऑनलाइन सेवेतच बनतो, डेस्कटॉपमध्ये नाही. लोक सर्रास अहवालालाच डॅशबोर्ड म्हणतात. पुस्तिकेनेही तसं केलं तर डेस्कटॉप उघडून 'नवीन डॅशबोर्ड' शोधणाऱ्यांचे फोन तुम्हालाच येतील.

'टाईल' सगळीकडे एकच वस्तू नसते, हेही एका परिच्छेदात सांगून टाका. सॅप या व्यवसायाच्या सॉफ्टवेअरचे पडदे म्हणजे फिओरी. तिच्या लाँचपॅडवर, म्हणजे सुरुवातीच्या पानावर, टाईल म्हणजे दार. तिच्यामागे ॲप असतं आणि दोघांना जोडते टार्गेट मॅपिंग, म्हणजे कुठून कुठलं ॲप उघडायचं ही नोंद. टाईल आणि मॅपिंग या दोन्हींत सिमँटिक ऑब्जेक्ट (कशाबद्दल) आणि ॲक्शन (काय करायचं) अक्षर न अक्षर तेच हवं, नाहीतर टाईल दिसते पण ॲप उघडत नाही. तिथल्या 'डायनॅमिक टाईल'ला (बदलता आकडा दाखवणारी टाईल) कुणी 'आकडी टाईल' सुचवलं तर अडवा, मराठीत आकडी येते ती वेगळीच. 'आकड्याची टाईल' म्हणा. तो आकडा सर्व्हरवरून येतो आणि किती सेकंदांनी आणायचा ते टाइलीच्या मांडणीतच भरायचं असतं. २०० जणांपुढे अशा १२ टाइली उघड्या आहेत आणि मुदत ६० सेकंद ठेवली, तर कागदी हिशेबाने मिनिटाला २,४०० विनंत्या होतात, म्हणजे सेकंदाला ४०. दिवसातून दोनदा बदलणाऱ्या आकड्यासाठी एवढा खटाटोप करू नये.

बिझनेस सेंट्रल या मायक्रोसॉफ्टच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा टाइलीला 'क्यू' म्हणतात, रांगेचा क्यू नव्हे, खुणेचा. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून 'खूण-टाईल' लिहिणं बरं. तिच्या रंगांसाठी दोन थ्रेशोल्ड भरायचे असतात. त्यांना 'उंबरठा १', 'उंबरठा २' म्हणणं हौसेचं आहे, 'मर्यादा' लिहा. थकलेल्या बिलांच्या टाइलीवर पहिली मर्यादा ५ आणि दुसरी १० ठेवली, तर ५ पेक्षा कमी हिरवं, मधलं पिवळं, १० च्या वर लाल, असे तीन पट्टे पडतात. पण खालच्या पट्ट्याला 'फेव्हरेबल' (अनुकूल, म्हणजे हिरवा) आपणच द्यायचा असतो. जमा झालेल्या रकमेच्या टाइलीला हाच क्रम उचलून लावला तर पैसे आले की लाल दिवा लागेल. मधल्या रंगाचं नाव 'अँबिग्युअस' आहे. त्याचं शब्दकोशातलं 'संदिग्ध' इथे कुचकामी. 'लक्ष ठेवा' असं लिहा, तो रंग तेवढंच सांगतो.

आता लेखन. मराठीत संस्कृतातून जसाच्या तसा न आलेल्या अकारान्त शब्दाचा उपान्त्य (शेवटून दुसरा) इकार दीर्घ, म्हणून 'टाईल'. सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो, 'गरीब–गरिबाला'सारखा, म्हणून टाइलीवर, टाइलीचा, टाइलींना. शब्द स्त्रीलिंगी: ती टाईल, त्या टाइली. बोलताना 'टाइल्स' चालतं, पण 'टाइल्सांवर' लिहिलंत तर अनेकवचन दोनदा होतं.