ऑनलाइन चाचणीत मला २४ पैकी ११ गुण मिळाले. म्हणजे मी निराशावादी आहे का?

११ गुणांवरून तसं ठरवता येत नाही. ज्या पानाने तुमच्या नावापुढे ‘निराशावादी’ असा शिक्का मारला, त्याने तो स्वतःच्या मनाने मारलाय. तुम्ही लिहिलंय की तेव्हापासून तो शब्द डोक्यातून जात नाही, नोकरीचा अर्ज भरतानाही ‘आपला स्वभावच असा’ असं वाटून हात थांबतो. मी समुपदेशनाचं काम करते आणि ही प्रश्नावली मी स्वतः वापरते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दहा वाक्यं आणि २४ पैकी गुण, म्हणजे तुम्ही भरलेली चाचणी बहुतेक ‘लाइफ ओरिएंटेशन टेस्ट’ची सुधारित आवृत्ती आहे. मायकेल शायर आणि चार्ल्स कार्व्हर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मूळ चाचणी १९८५ मध्ये मांडली आणि १९९४ मध्ये ती सुधारली. दहापैकी चार वाक्यं नुसती भरतीची असतात, त्यांना गुण नसतात. उरलेल्या सहांपैकी तीन आशेची (पुढे काय होणार हे माहीत नसतानाही चांगलंच होईल असं मला वाटतं, या धर्तीची) आणि तीन निराशेची (माझ्या बाबतीत काही बिघडायचं असेल तर ते बिघडतंच, अशी). प्रत्येकाला ० ते ४ गुण. निराशेच्या वाक्यांचे गुण मात्र उलटे मोजायचे: अगदी सहमत असाल तर ०, अजिबात सहमत नसाल तर ४. बेरजेला पास-नापासची रेघ नाही. इतक्या गुणांच्या खाली निराशावादी, असा आकडा चाचणी करणाऱ्यांनी दिलेलाच नाही, आणि तसा तो नाही हे कार्व्हर यांनी स्पष्ट सांगितलंय. उंचीसारखीच ही सलग पट्टी आहे. बुटके कुठे संपतात आणि उंच कुठे सुरू होतात, हे कोण ठरवणार?

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळी आहे. ११ हा आकडा किती वेगवेगळ्या तऱ्हांनी येऊ शकतो ते पाहा. एकाने जवळपास सगळीकडे ‘सांगता येत नाही’ निवडलं: आशेचे ६, निराशेच्या बाजूचे ५. दुसरीने आशेच्या वाक्यांना भरभरून होकार दिला, ११ गुण मिळवले. पण निराशेच्या तिन्ही वाक्यांनाही तितक्याच जोरात होकार दिला, तिथे शून्य. तिसऱ्याने चांगलं होईल हे साफ नाकारलं, शून्य. पण वाईटच होईल हेही त्याला मान्य नाही, तिथे ११. एक गोंधळलेला, एक आशा आणि धास्ती दोन्ही एकदम बाळगणारी, आणि एक कशाचीच अपेक्षा न ठेवणारा. तिघांच्या कागदावर ११ आणि तिघांनाही शिक्का एकच! मला याचा खरंच राग येतो, कारण तिघांशी बोलायचं झालं तर मी तीन वेगळ्या गोष्टी बोलेन.

आशा आणि निराशा ही एकाच पट्टीची दोन टोकं आहेत की दोन स्वतंत्र पट्ट्या, यावर संशोधकांत जुना वाद आहे. माझा कौल दोन पट्ट्यांना. २०२१ मध्ये शायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच्या अनेक अभ्यासांची माहिती पुन्हा तपासली, तेव्हा शारीरिक आरोग्याशी आशावाद असण्यापेक्षा निराशावाद नसण्याचा संबंध अधिक ठळक दिसला. म्हणजे जबरदस्तीने ‘पॉझिटिव्ह’ व्हायच्या मागे लागण्याआधी, ‘माझ्या बाबतीत वाईटच होणार’ ही पक्की समजूत थोडी सैल होते का, ते बघणं जास्त मोलाचं.

तुमच्या प्रश्नात आणखी एक ओळ आहे: मुलाखतीआधी काय काय चुकू शकेल याची तुम्ही यादी करता आणि मग रात्रभर तयारी करता. ज्युली नोरेम आणि नॅन्सी कँटर यांनी १९८६ मध्ये याला ‘डिफेन्सिव्ह पेसिमिझम’, म्हणजे बचावात्मक निराशावाद म्हटलं. अशी माणसं वाईटाची कल्पना करतात ती हात टेकायला नव्हे, कामाला लागायला. त्यांच्या प्रयोगात अशा लोकांना ‘तुम्ही नेहमी चांगलंच करता, आत्ताही कराल’ असा धीर दिला, तेव्हा त्यांची कामगिरी उलट खालावली. तेव्हा ती यादी सोडू नका. यादीनंतर तुम्ही तयारीला लागता की अर्ज बाजूला ठेवता, एवढं फक्त तपासा. तुम्ही भरलेल्या चाचणीत हा फरक दिसत नाही, तो तुम्हालाच पाहावा लागतो.

हे बदलतं का, असंही विचारलंय. १९९४ च्या मूळ अभ्यासात दोन वर्षांनी चाचणी पुन्हा घेतली, तेव्हा आधीच्या आणि नंतरच्या गुणांमधला सहसंबंध ०.५६ होता (१ म्हणजे पूर्ण जुळणी, ० म्हणजे काहीच संबंध नाही). स्वभाव टिकून राहतो, पण दगडावरची रेघ नाही. सगळं मनासारखं झालं तर आपलं आयुष्य कसं असेल, हे रोज थोडा वेळ तपशिलात लिहून काढण्याच्या सरावाने अपेक्षा निदान काही काळ तरी उजळतात, असं अभ्यासांत दिसलंय. करून पाहायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. पुढे काहीच उरलेलं नाही असं आठवडेच्या आठवडे वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर तो आशावाद मोजण्याचा विषय नाही. लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, आणि घरातल्या कुणाला तरी आजच सांगा.

तसं नसेल तर महिन्याभराने, मुलाखतीच्या आदल्या किंवा नकार आलेल्या दिवशी नव्हे, एखाद्या साध्या दिवशी चाचणी पुन्हा भरा. नकारार्थी वाक्यं दोनदा वाचा, तिथे भलताच पर्याय निवडला जातो. बेरीज करू नका. आशेच्या तीन वाक्यांचे गुण एकीकडे आणि निराशेच्या तिन्हींचे दुसरीकडे लिहा. वाटलं तर ते दोन आकडे इथेच खाली टाका, मग त्यावर बोलू.