मामंजी घरातच असतात, पण कुणाशी बोलत नाहीत

प्रश्न : नमस्कार, मी बेळगावजवळच्या येळ्ळूरहून लिहितेय. घरात मी, मिस्टर, दोन मुलं आणि मामंजी, वय 74. सासूबाई जाऊन दहा महिने झाले. मिस्टर उद्यमबागला फाउंड्रीत, शिफ्ट ड्युटी, मुलं इंग्लिश मीडियमला, मी घरी शिवणकाम करते. मामंजी माळकरी, एकादशीचं भजन कधी चुकवलं नाही. आता जा म्हटलं की म्हणतात तिथं नुसता गलका असतोय, काय कळत नाही. दिवसभर टीव्ही मोठ्यानं लावून बसतात. पहाटे तीनलाच उठून सोप्यात बसलेले असतात, जेवण निम्म्यावर आलंय, सदरे ढिले व्हायलेत. बैलजोडी दोन वर्षांमागं विकली, शेत दुसऱ्याला कसायला दिलंय. परवा म्हणाले, आता माझं काय काम उरलंय इथं. आम्ही कुठं कमी पडतोय का ओ? शेजारी म्हणतात वय झालं की असंच असतंय.

उत्तर : ताई, तुम्ही कमी पडताय असं मला पत्रात कुठंच दिसलं नाही. उलट सदरे ढिले झालेले तुमच्याच लक्षात आलेत.

मी थांबले ते "गलका" या शब्दावर. टाळ-मृदंग आणि दहा जणांचा आवाज एकत्र आला की ज्याचे कान कमी झालेत त्याला शब्द सुटे ऐकूच येत नाहीत, नुसता गोंगाट येतो. त्यात टीव्हीचा आवाज मोठा. म्हणजे भजनावरचं मन उडालं नसेल, भजन ऐकूच येत नसेल, आणि ऐकू येत नाही हे चारचौघांत सांगायला माणसाला लाज वाटते म्हणून तो घरी बसतो, मग घरातही दोनदा "काय?" विचारून झाल्यावर गप्प होतो. तर पहिल्यांदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. कधी नुसता मळ असतो, काढला की काम झालं. मशीन लागलं तर पहिले काही आठवडे ते नकोसं होणारच, भांड्यांचा आवाजसुद्धा डोक्यात जातो, तेव्हा रोज थोडा थोडा वेळ घालून सवय करायला लावा. उत्पन्न कमी असेल तर केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून मशीन मिळू शकतं, चौकशी करा. हे मी एवढं लांबवतेय कारण लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळानं 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्यासारख्या 14 गोष्टी मांडल्या त्यात कमी ऐकू येणं, एकटं पडणं आणि डिप्रेशन, तिन्ही आहेत.

पण फक्त कानावर सोडू नका. पहाटे तीनला जाग, जेवण निम्मं, वजन उतरणं, "माझं काय काम" हे बोलणं, हे सगळं मिळून डिप्रेशनकडे बोट दाखवतंय. हे वयाचं नव्हे. म्हातारी माणसं "मन लागत नाही" असं क्वचित म्हणतात, अंग दुखतंय, भूक नाही असंच सांगतात. आधी नेहमीच्या डॉक्टरांकडून थायरॉइड, बी-12, शुगर तपासून घ्या, मग मानसोपचार तज्ज्ञ. बेळगावात जिल्हा हॉस्पिटलातही हा विभाग आहे. आत जाताना तुम्ही सोबत राहा, आणि मामंजींना मराठीतच बोलू द्या, मनातलं दुखणं कन्नडात सांगायला लावू नका. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, मधेच स्वतःहून बंद करायच्या नाहीत.

आणि एक विचाराच, घाबरू नका : "मामंजी, जगू नये असं वाटतंय का?" विचारल्यानं असलं काही डोक्यात शिरत नाही, मन मोकळं होतं. हो म्हणाले तर एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. शेतीची औषधं, घरातल्या गोळ्या आजच कुलपात टाका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठीतही बोलतात.

आता कामाचं. सासूबाई, बैल, शेत, एकामागून एक हातातून गेलं आणि वर आपण "तुम्ही आराम करा" म्हणतो. माझ्या आईला बाबांच्या मागं आम्ही हेच म्हणत राहिलो, त्याचं मला आजही वाईट वाटतं. तुमची मुलं इंग्लिश मीडियमला आहेत, मराठी वाचायला अडखळत असतील. संध्याकाळी टीव्ही बंद करून एकेकानं आजोबांच्या समोर बसायचं, हरिपाठाचा एक अभंग वाचायचा, चुकलं तर त्यांनी सांगायचं. समोर, तोंड दिसेल असं, एका वेळी एकच माणूस, म्हणजे त्यांना ऐकूही येईल. शेत कसणाऱ्यालाही सांगून ठेवा, पेरणीच्या आधी मामंजींना बांधावर घेऊन जा आणि त्यांचं मत खरंच विचार, नुसतं मान राखायला नको. भजनाचं नंतर बघू. एखाद्या जुन्या भजनकऱ्याला एकट्याला चहाला बोलवा, तेवढ्यानं सुरुवात होईल.

कान दाखवून आलात की काय म्हणाले ते मला कळवा.