दोचुलाचे १०८ स्तूप कुणाचे?

प्रश्न : मे महिन्यात भूतानची सहल केली. थिंफूहून पुनाखाला जाताना दोचुला खिंडीत १०८ स्तूप पाहिले. गाईड म्हणाला, हे २००३च्या लढाईचं स्मारक. एवढ्याशा देशाने लढाई केली कुणाशी? आपलं सैन्य त्यात होतं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : लढाई भारतातल्याच, आसाम-बंगालकडच्या बंडखोर मुलांशी झाली. तुमच्या गाईडने पाहुण्यांपुढे ते बोलायचं टाळलं असेल.

१९९०च्या सुमारास आसाममध्ये लष्कराची कारवाई सुरू झाली, तेव्हा उल्फा या सशस्त्र फुटीर संघटनेची माणसं सीमेपलीकडे दक्षिण भूतानच्या जंगलात शिरली. त्यांच्यामागून बोडो जमातीसाठी वेगळा प्रदेश मागणारी एनडीएफबी आणि उत्तर बंगालकडे वेगळं कामतापूर मागणारी केएलओ, याही तशाच बंडखोर संघटना. २००३पर्यंत तळ झाले ३०: उल्फाचे १३, एनडीएफबीचे १२, केएलओचे ५. भूतानची लोकसंख्या सोलापूर शहरापेक्षाही कमी. सैन्य काही हजारांचं.

‘मग इतकी वर्षं गप्प का बसले?’ असं पुष्कळजण विचारतात. मी तेव्हा आसामात रंगियाला नोकरीला होतो, म्हणून सांगतो. पूर्व भूतानच्या माणसाला पश्चिमेकडच्या फुंत्शोलिंगला जायचं तर सोयीचा रस्ता आसामातूनच. सामद्रुप जोंगखारहून निघालेली त्यांची वाहनं आमच्या रंगियावरून जायची. हिवाळ्यात दरंगाच्या बाजारात बांबूच्या टोपल्यांतून संत्री घेऊन यायची ती माणसं. वर जंगलात भूतानने बंदूक चालवली, तर खाली रस्त्यावर हीच माणसं बंडखोरांच्या आयती हाती सापडणार. डिसेंबर २०००मध्ये आसामात भूतानी प्रवाशांवर हल्ले झाले, माणसं मेली. त्यानंतर बाजारातली वर्दळ कशी रोडावली, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून भूतान बोलत राहिला. जून २००१मध्ये उल्फाने चार तळ हलवायचं कबूल केलं, पण एकीकडे हलवून दुसरीकडे मांडले. दक्षिण भूतानातल्या नांगलामचा सिमेंट प्रकल्प या धास्तीने रखडला. शेवटी २००३मध्ये तिथल्या संसदेने ठरवलं : एकदा शेवटचं बोलून पाहा, नाही ऐकलं तर सैन्य. दोन दिवसांची अखेरची मुदत देऊन १५ डिसेंबरला कारवाई सुरू झाली. राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक स्वतः आघाडीवर होते. जानेवारी उजाडेपर्यंत सगळे तळ मोडले. आपल्या सैन्याने अलीकडून सीमा आवळून धरली होती, पळून येणारे पकडले जात होते. तळांवरच्या बायकामुलांना भूतानने भारतीय अधिकाऱ्यांकडे सोपवलं.

भूतानचे दहाहून अधिक सैनिक गेले. जिंकूनही तिथे मिरवणूक निघाली नाही, आणि मला त्या लोकांचा आदर वाटतो तो यासाठी. राणी दोर्जी वांगमो वांगचुक यांनी स्तूप बांधून घेतले. तुम्ही चढत गेलात ना, खाली ४५, मध्ये ३६, वर २७? १०८चा आकडा आपल्या जपमाळेतला तोच.

आता सीमेच्या अलीकडची, आसामातली बाजू. आमच्या घरमालकीणबाईंना आम्ही बाइदेउ, म्हणजे ताई, म्हणायचो. त्यांचा धाकटा कॉलेज सोडून ‘जंगलात गेला’ होता. घरात यापलीकडे कुणी शब्द काढत नसे. त्या डिसेंबरात रेडिओ दिवसभर त्यांच्या उशाशी. बातम्या लागल्या की आवाज वाढवायच्या, संपल्या की अगदी बारीक करायच्या, बंद मात्र करायच्या नाहीत. त्याच्या वयाच्या किती मुलांचा पत्ता त्या जंगलात लागला नाही! घरच्यांनी पुढे वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, उपोषणं केली.

जानेवारीत माघ बिहू, आसामचा सुगीचा सण, आला. बाइदेउंनी तिळाचे पिठे, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोड पदार्थ, केले, आम्हाला दिले. चार पिठे पत्र्याच्या डब्यात घालून डबा वरच्या फळीवर ठेवला. मार्चमध्ये माझी बदली झाली. सामान बांधलं त्या दिवशीही डबा तिथेच होता.