‘लसी पूर्ण होईपर्यंत घरातच ठेवलं, चुकलं का आमचं?’

कुत्र्यांना शिकवण्याच्या माझ्या कामात हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की पुढची कहाणी मला आधीच ठाऊक असते. पिल्लू दोन महिन्यांचं असताना घरी येतं, सगळ्या लसी होईस्तोवर बाहेर न्यायचं नाही असं ठरतं आणि उंबरा ओलांडेपर्यंत ते पाच महिन्यांचं झालेलं असतं. मग, ‘घरात इतका गोड आहे हो, बाहेर गेला की वेगळाच होतो.’

बादल (नाव बदललं आहे) दीड वर्षाचा होता. अनोळखी माणूस दिसला की भुंकत अंगावर जायचा.

“फार रागीट आहे,” त्याच्या ताई म्हणाल्या.

“त्याचं शेपूट पाहिलंत?”

शेपूट पायांत गेलेलं, कान मागे पडलेले. भुंकण्याआधी त्याने दोनदा ओठ चाटले होते. बादल घाबरला होता. भुंकलं की माणूस लांब जातो, एवढं त्याला अनुभवाने कळलं होतं.

“म्हणजे सवय व्हावी म्हणून मी मुद्दाम गर्दीत नेते, ते...”

“ते आजपासून बंद.”

साधारण 3 ते 12-14 आठवडे या वयात पिल्लाचं कुतूहल भीतीवर मात करतं. या काळात शांतपणे भेटलेली माणसं, आवाज, वाहनं त्याला पुढे आपली वाटतात. 1961 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात 14 आठवडे माणसाच्या सहवासाविना वाढलेली पिल्लं नंतर माणसाळणं फार अवघड गेलं. लसींचं वेळापत्रक मात्र 16 आठवड्यांपर्यंत किंवा पुढेही चालतं. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या संसर्गाचा धोका खरा आहे, म्हणून लस टाळा असं मी कधीच म्हणणार नाही. पण पिल्लाला कडेवर घेऊन रस्ता दाखवता येतो. लसी झालेल्या, शांत स्वभावाच्या ओळखीच्या कुत्र्याशी भेट घालून देता येते. घरी येणारी माणसं तर असतातच: टोपीवाली, काठीवाली, लहान मुलं. पहिली लस होऊन किमान 7 दिवस झाले की पिल्लांच्या वर्गातही नेता येतं, मात्र तिथे स्वच्छता आणि इतर पिल्लांच्या लसी पाळल्या जात असतील तरच. तुमच्या पशुवैद्यांशी याबद्दल पहिल्याच भेटीत बोला.

बादलसाठी तो काळ निघून गेला होता. आम्ही मोकळ्या मैदानावर भेटू लागलो. चौथ्या भेटीत लांबून एक गृहस्थ येताना दिसले आणि बादल एकदम ताठरला.

“ते आधी कोणाला दिसले?” मी विचारलं.

“मला.”

“मग बादलला कोणी सांगितलं?”

ताईंनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. पट्ट्याचे दोन वेढे मनगटाला आवळलेले होते. काही न बोलता त्यांनी ते सोडवले.

माझं काम खरं इथे सुरू होतं. कुत्र्याला शिकवण्याआधी पट्ट्याचं दुसरं टोक सैल व्हावं लागतं. दटावण्यावर माझा विश्वास नाही. गुरगुरणं दाबलं तरी भीती आत तशीच राहते आणि एखाद दिवशी सूचना न देता चावते.

माणूस दिसला की खाऊ, दिसेनासा झाला की खाऊ बंद, आणि अंतर बादलला सोसेल तेवढंच. सहा आठवडे हेच केलं. मग एका संध्याकाळी त्याने लांबच्या माणसाकडे पाहिलं आणि भुंकायच्या ऐवजी मान वळवून ताईंच्या तोंडाकडे पाहिलं. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी गप्प राहिले. तो क्षण त्या दोघांचा होता.

“मग चुकलं ना माझं तेव्हा?” त्यांनी शेवटी विचारलंच.

त्यांना जे सांगितलं गेलं, ते त्यांनी काळजीपोटी पाळलं होतं. मोठ्या कुत्र्यालाही शिकता येतं, फक्त वेळ जास्त लागतो आणि थोडा बुजरेपणा उरतो. सगळ्यांनी त्याला कुरवाळावं हा हट्ट मात्र सोडावा लागतो. अनोळखी माणूस शेजारून गेला आणि काही झालं नाही, एवढं पुष्कळ असतं.

आजही पाहुणे आले की बादल आतल्या खोलीत जातो. दार उघडं असतं. हल्ली थोड्या वेळाने तो उंबऱ्याशी येऊन पसरतो आणि सगळ्यांना न्याहाळतो. ताई पाहुण्यांना एवढंच सांगतात, “हात पुढे करू नका, त्याला बघू दे.”